वाटी, चमचा आणि सोडा: एका चॉकलेट-केळी केकचे प्रकरण

डोंबिवलीतील एका घरात मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी केलेला चॉकलेट-केळ्यांचा केक बिघडला आणि त्याच्या कारणांवरून घरातल्या तीन माणसांनी तीन वेगवेगळी मते दिली. केक खाण्याजोगा होता, पण चांगला नव्हता. त्याचा रंग दुकानातल्या चॉकलेट केकपेक्षाही गडद आला होता, तरी चॉकलेटची चव मात्र जेमतेम लागत होती. खाल्ल्यावर जिभेच्या मागच्या भागावर साबणासारखी चव रेंगाळत होती, मधला भाग खळग्यासारखा खाली बसला होता आणि तळाशी बोटभर जाडीचा चिकट, रबरी थर तयार झाला होता. हे घर माझ्या खालच्या मजल्यावरचे असल्यामुळे केकचा अर्धा भाग, कृतीचा कागद आणि ज्या भांड्यांनी मापे घेतली ती भांडी, असे सगळेच मला तपासायला मिळाले. घरच्या केकच्या बाबतीत असा योग क्वचितच येतो, कारण बिघडलेला केक लोक बहुधा लवकरात लवकर संपवून टाकतात आणि चौकशी करायला पुरावा उरत नाही.

केक करण्यामागचे कारण साधे होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात महालक्ष्मीचा घट मांडला जातो आणि पूजेत पाच फळे ठेवली जातात. शुक्रवारी पूजा उतरवली की ती फळे प्रसाद म्हणून खायची असतात, परंतु दर आठवड्याला पाच फळे येत राहिली की केळी मागे पडतात आणि त्यांच्या सालीवर काळे ठिपके धरू लागतात. टाकता तर येत नाहीत. त्याच आठवड्यात घरातल्या मुलाचा वाढदिवस होता, म्हणून सुनेने केळी केकमध्ये घालायचे ठरवले. सासूबाईंची अट एकच होती: फळे प्रसादाची आहेत, तेव्हा केकमध्ये अंडे असता कामा नये. घरात ओव्हन नव्हता, लोणीही नव्हते आणि केवळ केकसाठी बाजारात जाण्याची कोणाची इच्छा नव्हती. डब्यांत गव्हाचे पीठ, साखर, शेंगदाण्याचे तेल, खायचा सोडा आणि कोको पावडर होती, फ्रिजमध्ये दही होते. एवढ्या सामानात चॉकलेट आणि फळांचा चांगला केक होतो, हे मला सुरुवातीलाच सांगायला हवे. अंडी, लोणी आणि दूध यांपैकी काहीही न घालता कोको, तेल, सोडा आणि थोडे व्हिनेगर यांवर फुगवलेला केक अमेरिकेत महामंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळाशी जोडला जातो आणि तो आजही तिथल्या घरांत आवडीने होतो. आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक ‘बिनअंड्याच्या सोप्या’ चॉकलेट केकच्या कृतींची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असते, फक्त व्हिनेगरच्या जागी दही आणि मैद्याच्या जागी अनेकदा कणीक आलेली असते.

सुनेने वापरलेली कृती अशी होती: दीड कप गव्हाचे पीठ, पाऊण कप साखर, पाव कप कोको, एक चहाचा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन मोठी पिकलेली केळी, अर्धा कप दही, पाव कप तेल आणि अर्धा कप पाणी. कोरडे जिन्नस एकत्र चाळायचे, ओले वेगळे फेटायचे, मग दोन्ही मिसळून तेल लावलेल्या डब्यात ओतायचे आणि मीठ पसरून तापवलेल्या कढईत झाकण ठेवून भाजायचे. तिने हे सगळे नीट केले होते. पीठ चाळले होते, मिश्रण फार घोटले नव्हते, आणि कढई आधी दहा मिनिटे तापवूनही घेतली होती. मी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, “काकू, मी कृतीत लिहिलंय त्यापेक्षा एक वस्तूसुद्धा कमी-जास्त केलेली नाही.” तिच्या दृष्टीने ते खरेच होते, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे आहे.

घरातले तीन संशय

सासूबाईंचे मत असे की अंड्याशिवाय केक असाच होणार. त्यांनी अट घातली असली तरी तिचे परिणामही त्यांना मान्य होते. अंडे केकमध्ये दोन कामे करते: त्यातले प्रथिन उष्णतेने घट्ट होऊन केकला आधार देते आणि फेटलेल्या अंड्यातली हवा केक फुगवायला मदत करते. अंडे नसेल तर आधाराचे काम पिठातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनावर आणि शिजलेल्या स्टार्चवर येते. कोकोच्या बिनअंड्याच्या केकमध्ये हे काम ती दोघे पुरेसे चांगले करतात, नाहीतर टंचाईच्या काळातला तो केक टिकलाच नसता. शिवाय अंड्याच्या अभावाने केक बसका होईल, भुसभुशीत होईल, कापताना चुरा पडेल. पण साबणाची चव येण्याशी अंड्याचा काही संबंध नाही. हा संशय फार तर एका लक्षणापुरता होता.

मुलाच्या वडिलांनी दोष ओव्हन नसण्याला दिला. तळाचा चिकट थर पाहून केक कच्चा राहिला असे कोणालाही वाटेल. इथे थोडा विचार करायला हवा. कढईत उष्णता खालून येते, डबा तिवईवर असला तरी तळालाच ती सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळते, आणि वरचा भाग झाकणाखालच्या गरम हवेवर शिजतो. त्यामुळे कढईतला केक कच्चा राहिलाच तर तो मधोमध आणि वरच्या बाजूला राहतो. या केकचा वरचा भाग कोरडा व शिजलेला होता, तळाची बाहेरची कड तर किंचित करपली होती, आणि तिच्या लगेच वर तो रबरी थर होता. इतकी उष्णता लागलेला भाग कच्चा राहणे शक्य नाही. तो थर शिजलेलाच होता. त्यात पाणी आणि केळ्याचा गर प्रमाणाबाहेर साठला होता.

तिसरा संशय सुनेचा स्वतःचा होता आणि तो सर्वांत विचारपूर्वक होता: मैद्याऐवजी कणीक वापरल्यामुळे केक जड झाला असावा. या मतात तथ्य आहे. आपल्याकडे पोळ्यांसाठी लोकवन किंवा सिहोर गहू चक्कीवर दळून आणतात. जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने त्यातले बरेच स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेले कण न फुटलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतात. पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. त्यात कोंड्याची भर पडते, जो पाणी सावकाश पितो आणि ग्लुटेनच्या जाळ्याला जागोजागी छेदतो. या सगळ्याचा परिणाम म्हणून कणकेचा केक मैद्याच्या केकपेक्षा कमी फुगतो आणि अधिक दाट लागतो. पण तो कोरडेपणाकडे झुकतो, ओलेपणाकडे नाही. जे पीठ जास्त पाणी पिते त्याच्या केकच्या तळाशी पाणी साठावे, हे उलटे आहे. कणकेमुळे केक जड झाला असेल, चिकट मात्र झाला नसावा.

मापांची तपासणी

मी तिला ज्या वाटीने माप घेतले ती वाटी आणायला सांगितली. कृतीत ‘कप’ असे लिहिलेले होते आणि घरात मापाचा कप नव्हता, म्हणून तिने रोजच्या आमटीच्या वाटीला कप मानले होते. बहुतेक घरांत असेच होते आणि त्यात वरवर काही गैर दिसत नाही, कारण सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर प्रमाण तेच राहणार, केक फक्त लहान होणार. हा युक्तिवाद पोहे-उपम्यापुरता अगदी बरोबर आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ती वाटी ठेवून मी काठोकाठ पाणी भरले, तेव्हा पाण्याचे वजन १५० ग्रॅम भरले. म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची होती. छापील कृतींतला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो.

आता कृतीचा कागद पुन्हा वाचला की अडचण दिसते. पीठ, साखर, कोको, दही, तेल आणि पाणी ही सहा मापे कपात आहेत. ती सगळी १५० मिलिलिटरच्या वाटीमुळे एकसारखी कमी झाली. पण सोडा चमच्यात आहे आणि केळी नगात. वाटी लहान असली म्हणून चमचा लहान होत नाही आणि ‘दोन केळी’ म्हणजे वाटी कितीही लहान असली तरी दोनच केळी. त्यामुळे बाकीचा केक आक्रसला असताना सोडा आणि केळी मात्र पूर्ण मापाने आत गेली.

आकड्यांत सांगायचे तर, मूळ कृतीत दीड कप म्हणजे अंदाजे १९५ ग्रॅम पीठ अपेक्षित होते. प्रत्यक्षात दीड वाटी म्हणजे सुमारे १२० ग्रॅम पडले. एक सपाट चहाचा चमचा सोडा जवळपास ५ ग्रॅम भरतो. म्हणजे १०० ग्रॅम पिठामागे अडीच ग्रॅम सोड्याऐवजी चार ग्रॅमांहून अधिक सोडा पडला. केळी जळगावकडची, लांब आणि जाड होती. सोललेल्या अशा केळ्याचे वजन ११० ते १२० ग्रॅम असते. दोन केळ्यांचा सुमारे २३० ग्रॅम गर मूळ कृतीतल्या पिठापेक्षा थोडाच जास्त होता, पण या घरात पडलेल्या पिठाच्या तो जवळपास दुप्पट झाला. तिने वसईकडची छोटी वेलची केळी घातली असती, तर दोन केळ्यांतून शंभर ग्रॅमच्या आतबाहेर गर निघाला असता आणि तळाचा थर कदाचित आलाच नसता. साबणाची चव मात्र आलीच असती. फळ नगात मोजणाऱ्या कृतींवर माझा विश्वास नाही, तो यासाठीच.

मोजमापातल्या या एका विसंगतीने चारही लक्षणांचा उलगडा होतो. सोडा जास्त पडला की सुरुवातीला वायू भराभर सुटतो, मिश्रण घट्ट होण्याआधीच खूप फुगते, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, आणि आधार तयार व्हायच्या आत मधला भाग खाली बसतो. बसताना तो खालच्या ओलसर, जड मिश्रणावर दबतो. केळ्याचा न शोषला गेलेला गर आणि त्याच्या गुठळ्या तिथेच असतात, आणि रबरी थर होतो. रंगाचे आणि चवीचे गणित थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल, कारण तिथे कोकोचाही हात आहे.

सोडा, आंबटपणा आणि कोको

खायचा सोडा आम्लाबरोबर आला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि मागे फारशी चव नसलेला क्षार उरतो. आम्ल संपले तरी सोडा स्वस्थ बसत नाही. तापमान वाढले की तो आपोआप विघटित होतो, त्यातूनही वायू सुटतो, पण मागे राहतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. साबणासारखी चव त्याचीच. तेव्हा केकमध्ये किती सोडा आहे यापेक्षा किती सोडा आम्लाविना उरतो, हे पाहणे महत्त्वाचे.

ताज्या, मध्यम आंबट दह्यात एक टक्क्याच्या आत लॅक्टिक आम्ल असते. अर्धी वाटी, म्हणजे ७५ मिलिलिटर दही साधारण अर्धा ग्रॅम सोडा शमवते. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण दही घातले की सोड्याची सोय झाली असे आपण गृहीत धरतो. व्हिनेगरचेही तसेच: पाच टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, जेमतेम एक ग्रॅम सोड्याला पुरतो. पिकलेल्या केळ्यात मॅलिक आणि सायट्रिक आम्ले असतात, पण थोडीच; दोन मोठ्या केळ्यांनी आणखी ग्रॅमभर सोडा शमला असे उदारपणे धरले, तरी पाचातले तीन ग्रॅमांहून जास्त शिल्लक राहतात. मूळ कृतीतही सोडा सढळच आहे, असे माझे मत आहे. ती लिहिणाऱ्याने बहुधा नैसर्गिक, आंबट कोको गृहीत धरला असावा.

कोको पावडर दोन प्रकारची मिळते आणि डब्यावरच्या चित्रावरून त्यांतला फरक कळत नाही. नैसर्गिक कोकोचा पीएच (आंबटपणाचे माप; सात म्हणजे मध्य, त्याखाली आंबट) साडेपाचच्या आसपास, म्हणजे आंबट बाजूला असतो. दुसऱ्या प्रकारात कोकोवर अल्कलीची, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाची, प्रक्रिया केलेली असते. ही पद्धत नेदरलँड्समधल्या व्हॅन हौटेन कुटुंबाची मानली जाते, ज्यांच्या नावावर १८२८ मध्ये कोकोतले तेल दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट आहे. प्रक्रिया केलेल्या कोकोचा पीएच सात किंवा त्याच्याही वर जातो, रंग गडद होतो, तुरटपणा कमी होतो आणि चव सौम्य होते. आपल्याकडच्या डब्यावर घटकांच्या यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५०० किंवा ५०१ या मालिकेतला आकडा दिसला, तर तो कोको अल्कलीतून गेलेला आहे असे समजावे. हे आकडे सोडियमच्या आणि पोटॅशियमच्या कार्बोनेटांचे आहेत. या घरातल्या डब्यावर ५०१ हा आकडा होता. म्हणजे कोकोकडून सोड्याला आम्लाची काहीच मदत मिळाली नाही.

गडद रंग आणि फिकी चव यांचा मेळही इथेच लागतो. कोको अल्कलीत गरम झाला की काळपट होतो आणि त्याची धार जाते. कारखान्यात जी प्रक्रिया मोजूनमापून करतात, तीच उरलेल्या सोड्याने केकच्या डब्यात आणखी पुढे नेली. भरीला पाव वाटी कोको म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपासच पडला होता, आणि त्याला २३० ग्रॅम केळ्याच्या गरातून आपली चव दाखवायची होती. केक काळा दिसतो म्हणून त्यात चॉकलेट भरपूर आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. (याच ओघात सांगते, पिण्याच्या चॉकलेटची पावडर कोकोच्या जागी घालणारेही पुष्कळ भेटतात. तिच्यात बहुतांश साखर असते. केक गोड होतो आणि तपकिरी होतो, एवढेच.)

पुन्हा केलेला केक

दुरुस्ती करताना नवीन वस्तू आणायची नाही आणि वाटीही बदलायची नाही, असे आम्ही ठरवले. दोष मापांच्या विसंगतीत होता, तेव्हा सगळेच एका मापात आणले की पुरे. दीड वाटी पीठ, पाऊण वाटी साखर, पाव वाटी शीग लावून कोको, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल आणि अर्धी वाटी पाणी ही मापे तशीच ठेवली. केळी कुस्करून त्यांचा गर त्याच वाटीने मोजला आणि सपाट एक वाटी घेतला; दुसऱ्या केळ्याचा उरलेला तुकडा मुलाने तिथल्या तिथे खाल्ला. सोडा सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅम. कोको आंबट नव्हता, म्हणून दोन चहाचे चमचे लिंबाचा रस वाढवला, जो साधारण पाऊण ग्रॅम सोड्याचा हिशेब चुकता करतो. या प्रमाणात लिंबाची चव केकमध्ये कळत नाही.

क्रमही थोडा बदलला. अर्धी वाटी पाणी उकळून त्यात कोको आणि चिमूटभर कॉफी कालवून बाजूला ठेवली. गरम पाण्यात कोको नीट फुलतो आणि गुठळ्या राहत नाहीत, आणि ज्याला अल्कलीने आधीच बोथट केले आहे अशा कोकोला कॉफीचा कडवटपणा चांगला आधार देतो. ते मिश्रण कोमट झाल्यावर त्यात साखर, तेल, दही, लिंबाचा रस आणि केळ्याचा गर घालून साखर विरघळेपर्यंत फेटले, मग मीठ घातलेले पीठ मिसळले आणि भांडे पंधरा मिनिटे झाकून ठेवले. कणकेचा केक करताना ही विश्रांती मी कधीही वगळत नाही. कोंडा आणि फुटलेले स्टार्च तेवढ्या वेळात हवे तेवढे पाणी पिऊन घेतात, मिश्रण दाटते, आणि मग ते खरोखर घट्ट आहे की पातळ, याचा अंदाज बांधता येतो. सैल इडलीच्या पिठाइतके वाहते राहिले तर ठीक. त्याहून घट्ट वाटले तर एक-दोन चमचे पाणी किंवा दूध घालावे.

सोडा मात्र या विश्रांतीनंतर घालायचा. आम्ल आणि ओलावा मिळताच तो कामाला लागतो, आणि आधीच घातला तर वायूचा बराचसा भाग झाकलेल्या भांड्यातच निघून जातो. तो बारीक गाळणीतून पृष्ठभागावर भुरभुरावा, कारण सोड्याची एक गुठळी ज्याच्या तुकड्यात जाईल त्याला सगळा केकच खारट व साबणी वाटतो. मिश्रण हलके होऊन फसफसू लागले की घोटत न बसता लगेच डब्यात ओतावे. आम्ही त्यावर पूजेतल्या सफरचंदाच्या पातळ फोडी लावल्या आणि वर थोडी साखर पसरली. फोडी जाड असत्या तर बुडाल्या असत्या.

कढई जाड बुडाची होती. तिच्या तळाशी मिठाचा बोटभर थर आणि त्यावर तिवई होती. रबर व शिट्टी काढलेला कुकर याच कामासाठी अनेक घरांत वापरतात, परंतु पाण्याशिवाय कुकर तापवणे मला पसंत नाही. भांडे त्या कामासाठी बनवलेले नसते. पूर्वी आपल्याकडे केक वाळूवर भाजत आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवत. वरच्या निखाऱ्यांचे महत्त्व गॅसवर आल्यावर लक्षात येते, कारण आताच्या कढईत वरून उष्णता नाही आणि केकच्या पृष्ठभागाला तांबूस रंग चढत नाही. चॉकलेट केकला त्याने फरक पडत नाही, पण झाकणावर जमणारी वाफ थेंबाथेंबाने केकवर पडते, त्याने पडतो. झाकणाला आतून कोरडे सुती फडके ताणून त्याची टोके वरच्या मुठीवर गाठ मारून बांधली की हा प्रश्न मिटतो. टोके ज्योतीकडे लोंबत नाहीत एवढे पाहावे. पहिली पाच मिनिटे मध्यम आच आणि नंतर मंद, असे ठेवून केक चाळीस मिनिटांच्या थोडे पुढे झाला. विणकामाची सुई मधोमध घालून पाहिली तेव्हा ती किंचित ओलसर कणांसह, पण कच्चे पीठ न चिकटता बाहेर आली. केळ्याच्या केकमध्ये सुई अगदी कोरडी येण्याची वाट पाहू नये. तोवर कडा सुकतात.

तो पूर्ण निवल्यावर कापला. मधला भाग किंचित उंच राहिला होता, तळाशी थर नव्हता, छिद्रे लहान आणि एकसारखी होती. रंग आधीच्यापेक्षा फिका आणि लालसर तपकिरी आला, चॉकलेटची चव मात्र पहिल्या घासाला कळत होती. साबणाचा मागमूस नव्हता. सासूबाईंची तक्रार एवढीच होती की केळ्याचा स्वाद कमी झाला. ते खरे आहे, कारण गर सुमारे एकशेचाळीस ग्रॅमवर आला होता. त्यांना मी सुचवले की गर वाढवू नये, केळी अधिक पिकू द्यावीत. कच्च्या केळ्यात भरपूर असलेले स्टार्च पिकताना जवळजवळ सगळे साखरेत बदलते आणि सुगंध तर साल काळवंडू लागल्यावरच पूर्ण भरतो. तसे एक केळे साध्या पिवळ्या दोनांच्या तोडीचे असते.

फळ बदलले तर

मार्गशीर्षात चार-पाच गुरुवार येतात आणि दर वेळी केळीच उरतात असे नाही. संत्री या मोसमात नागपूरहून चांगली येतात आणि चॉकलेटशी त्यांचे जमते. केळ्याऐवजी संत्रे वापरायचे तर पाण्याच्या जागी त्याचा रस घ्यावा आणि सालीचा केवळ नारिंगी भाग बारीक किसून घालावा; पांढरा भाग कडू असतो. रस स्वतःच आंबट असल्यामुळे लिंबू वगळावे, आणि केळ्याच्या गराने दिलेला दाटपणा व ओलावा गेलेला असल्यामुळे दही पाव वाटीने व साखर दोन चमच्यांनी वाढवावी. डहाणू-घोलवडचा चिकू चॉकलेटच्या सर्वांत जवळचा, कारण त्याच्या स्वादात मुळातच जळक्या साखरेची छटा आहे. त्यात आंबटपणा मात्र जवळजवळ नाही, तेव्हा लिंबाचा रस दुप्पट करावा किंवा दही चांगले आंबट घ्यावे. पेरू भाजू नये असे मी म्हणेन; त्याचा वास चॉकलेटला दाबतो आणि बिया दाताखाली येतात. डाळिंबाचे दाणे भाजले की सुरकुततात, ते वाढताना वरून घालावेत. हिवाळ्यात घरात असलेला खजूर आणि मनुका कोरड्या पिठात घोळवून घातल्या तर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि त्यांच्या वजनाइतकी साखर कमी करायला हरकत नाही.

हा केक दमट हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर राहतो, त्यापुढे फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, कारण फळाच्या ओलाव्यामुळे बुरशी लवकर धरते. थंड केक फार घट्ट होत नाही; तेल लोण्याइतके घट्ट गोठत नसल्यामुळे लोण्याच्या केकपेक्षा तो फ्रिजमधूनही मऊ निघतो.

सुनेला पुढच्या खेपेस साखरेऐवजी गूळ घालून पाहायचा आहे. कोल्हापुरी गूळ चालेल, पण तो ठेचून वाटीने न मोजता वजनाने घ्यावा, कारण ठेचलेला गूळ वाटीत किती दाबला जातो यावर त्याचे माप फार हलते. पाऊण वाटी साखरेच्या जागी ९५ ग्रॅम गूळ कोकोच्या गरम पाण्यात विरघळवावा आणि ते पाणी गाळून घ्यावे. गुळात स्वतःचे पाणी असते, म्हणून पाणी एक मोठा चमचा कमी घ्यावे. गूळ स्वच्छ करताना त्यात सोडा किंवा चुना घातलेला असू शकतो, आणि असा गूळ आंबटपणाच्या हिशेबात उलट्या बाजूला पडतो. तेव्हा गुळाच्या केकमध्ये सोडा अर्ध्या चमच्याहून वाढवू नये आणि लिंबाचे दोन चमचे वगळू नयेत.